भावाची कॅनडातली प्रोटेक्शनची केस अपीलातबी उडाली, आता कोर्टात जाता येते का? १५ पैकी १० दिवस गेले

पराटीवाला (दिग्रसकडचा)

राम राम मंडळी. लिहू का नाई लिहू करता करता दोन दिवस गेले. ज्याले खरंच माहीत असन त्यानं सांगा, नुसतं "देव पाहून घेईन" लिहू नका, ते घरी बाबा दिवसातून धा खेप म्हणते.

माहा लहान भाऊ २०२२ ले कॅनडात शिकाले गेला. जायच्या आधी त्यानं बाजूच्या गावच्या पोरीसंग रजिस्टर लग्न केलं, जात येगळी. तिच्या काकालोकायनं बाबाले वावरात येऊन मारलं, डवरा चालू होता, बैलं तशेच तासात उभे राह्यले अन् बाबा नाल्याच्या अंगानं पळाले. ठाण्यात गेलो तं एनसी लिहून घेतली, बस. मंग हे दोघं पुण्याले जाऊन राह्यले, कात्रजकडं एक रूम केली, तं दीड महिन्यात ते लोक तिथंबी पोचले, दार ठोकून राह्यले रातच्या ११ वाजता. पत्ता कोनं देल्ला आजवर समजलं नाई. तिथल्या पोलिसात अर्ज देल्ता त्याची शिक्का मारलेली पोच आमच्यापाशी हाय. मंग आईचं सोनं मोडलं अन् धाडलं त्याले, पोरगी मांगून गेली.

२०२३ मध्ये त्यानं तिथं प्रोटेक्शन, मनजे शरणार्थी म्हणून आसरा, मांगतलं. पहिल्या ठिकानी नाकारलं, म्हणे गावाकडं धोका असन तं मुंबईत राहा, कोलकात्यात राहा, देश मोठा हाय तुमचा. अपील केलं, तेबी नाकारलं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्याले मेल आला, इकडं दारात पोट्टे लाकडाचे नंदी घेऊन बोजारा मांगून राह्यले अन् तिकडून याचा रडतानी फोन. काल महालक्ष्म्या जेवल्या, मनजे १० दिवस झाले.

आता त्याचा कन्सल्टंट म्हणते कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू टाकू, ५५०० डॉलर लागतीन. आपले साडेतीन लाखाच्या आसपास होते. घरी सोयाबीनवर यलो मोझॅक हाय, पैसा कुठून आनू. अन् अजून एक भानगड. त्या कन्सल्टंटनं व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅफिडेव्हिटचा मजकूर धाडला, ५०० च्या स्टॅम्पवर करा, सरपंचाचा दाखला जोडा अन् स्कॅन पाठवा. त्यात लिवलं हाय का यंदा जूनमध्ये १२ लोकं तलवारी घेऊन आमच्या घरी आले. जूनमध्ये कोनी आलं नाई बाप्पा. जूनमध्ये आमच्या घरी दुबार पेरणीचं टेन्शन आलं होतं, दुसरं काही नाई. भाऊ म्हणते देऊन टाक, तिथं कोन पाहाले येते.

बाबा एकच इचारते, त्याले आता विमानात बसवून देतीन का. काय सांगू?

टोरांटोचा_अकोटकर

पराटीवाला भाऊ, आधी तारीख पाहा, बाकी नंतर. मी वकील नाही, ब्रॅम्प्टनला एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात फायली लावतो, सात वर्षं झाली. रोज हातून जे जाते तेवढंच सांगतो.

अपीलाचा निकाल मिळाल्यापासून १५ दिवसांत फेडरल कोर्टात अर्ज पडला पाहिजे. तीही सरळ केस नसते, आधी "लीव्ह" मागायची, म्हणजे माझं ऐकता का एवढं विचारायचं. कोर्टाची फी ५० डॉलर आहे, त्याच्यावर जे काय लागते ते वकिलाचं. आता नीट वाचा. आरएडी म्हणजे अपील डिव्हिजनच्या निकालाविरुद्ध वेळेत अर्ज टाकला तर डिपोर्टेशन आपोआप थांबते, वेगळा स्टे मागायची गरज पडत नाही (काही प्रकारच्या केसेस सोडून, तुमची त्यात दिसत नाही). पण १५ दिवस उलटून मुदतवाढ मागत टाकला तर तो आपोआपचा स्टे लागू होत नाही. अर्ज तोच, कागद तेच, एक जण घरी झोपते अन् दुसऱ्याला बॉर्डर सर्व्हिसवाल्यांचा फोन येते की तिकीट काढून या. मी दोन्ही पाहिले आहेत. तुमचे १० गेले.

आणि त्या कन्सल्टंटला एकच प्रश्न विचारा, फेडरल कोर्टात उभं कोण राहणार? कारण लायसन्सवाला कन्सल्टंट असला तरी त्याला फेडरल कोर्टात केस चालवता येत नाही, तिथं वकीलच लागते. म्हणजे हा ५५०० घेणार, त्यातले काही एखाद्या वकिलाला देणार अन् मधले स्वतः ठेवणार. भावाला म्हणा उद्या सकाळी थेट वकिलाकडे जा. ऑन्टारियोत असेल तर लीगल एड ऑन्टारियोलाही फोन कर, कमाई कमी असेल अन् केसमध्ये दम दिसला तर ते ज्युडिशियल रिव्ह्यूचा खर्च उचलतात.

त्या अ‍ॅफिडेव्हिटबद्दल मला फार लिहायचं आहे पण शिफ्ट आहे. तोवर सही करू नका.

रोखठोक

राग येईल पण बोलतो. स्टुडंट व्हिसावर जायचं, परमिट संपलं की जिवाला धोका आठवते. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचं लष्करी विमान १०४ लोकांना घेऊन अमृतसरले उतरलं, त्यात आपल्या महाराष्ट्राचे ३ होते, पाहिलं ना टीव्हीवर? आता १२ लोकं तलवारी घेऊन आले म्हणे. अशानं ज्याला खरंच कापाले निघाले लोक त्याचंबी कोणी ऐकत नाई.

पराटीवाला (दिग्रसकडचा)

रोखठोक भाऊ, बाबाच्या खांद्याले अजून मार लागलेला हाय, हात वर होत नाई, फवारणीचा पंप मीच घेतो पाठीवर. तलवारीवाला कागद मी लिवला नाई, म्हणून तं इथं इचारून राह्यलो.

बेंच_वारी (आर्वी)

रोखठोकचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यासाठी त्यानं माफी मागावी.

पराटीवाला, मला कॅनडाचं काही कळत नाही, पण ज्युडिशियल रिव्ह्यू काय चीज असते ते मी नागपूर बेंचच्या पायऱ्या झिजवून शिकलो. आपल्याकडे त्याला रिट म्हणतात, राज्यघटनेच्या कलम २२६ चं. माझा जातपडताळणीचा दावा समितीनं फेटाळला होता. त्या कायद्यात लिहिलेलंच आहे की समितीचा आदेश अंतिम, हायकोर्टात रिटशिवाय कुठंच जाता येत नाही. मी गेलो तेव्हा मनात काय होतं तर आता जजसाहेबाला सगळं सांगीन, आज्याचं, पणज्याचं, देवाचं नाव, लग्नात काय करतो, सगळं. वकील हसला. म्हणाला, साहेब तुमची जात ठरवायला बसले नाहीत, समितीनं ठरवताना गफलत केली का तेवढं पाहायला बसले आहेत.

आणि गफलत होती. माझ्या आज्याचा १९३९ चा दाखल-खारीजचा उतारा फाईलीत पान ६२ वर लावलेला होता, कोतवाल पंजीची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल होती, दक्षता पथकानं स्वतः शाळेत जाऊन खरी आहे म्हणून लिहिलं होतं, आणि समितीच्या १४ पानी आदेशात त्या दोन्ही कागदांचा एका ओळीत उल्लेख नाही. नुसतं अ‍ॅफिनिटी टेस्टमध्ये (जमातीच्या चालीरीती जुळतात का ते पाहतात) नापास, दावा अवैध. कोर्टात आमचा नंबर लागला तेव्हा बोलणं झालं असेल दहा मिनिटं. साहेबांनी समितीच्या वकिलाला विचारलं, पान ६२ कुठं डील केलं आहे दाखवा. तो पानं उलटत राहिला. आदेश रद्द, समितीकडे परत, सहा महिन्यांत नव्यानं निर्णय घ्या. मी खाली येऊन वकिलाला विचारलं जिंकलो का, तर म्हणाला अर्धे. पुन्हा समिती, पुन्हा तारखा, मग मिळाली व्हॅलिडिटी.

म्हणून तुम्हाला विचारतो, तुमच्या भावाच्या अपीलाच्या निकालात त्या पुण्याच्या पोचेबद्दल काय लिहिलं आहे? तो निकाल मागवा आणि शब्द न् शब्द वाचा. तुमचं पान ६२ तिथं असेल तर असेल.

आणि तलवारीचा कागद चुलीत घाला. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे पूर्वीचं आयपीसीचं कलम १९३, आता न्याय संहितेचं २२९, सही तुमची राहील, कन्सल्टंटची नाही. उद्या ते लोक तुमच्यावरच उलटी तक्रार करतील की आम्हाला खोट्यात गुंतवलं, तेव्हा तो काही कॅनडातून जामीन द्यायला येणार नाही.

टोरांटोचा_अकोटकर

शिफ्ट संपली. बेंच_वारी भाऊंनी जे सांगितलं ते इथंही जसंच्या तसं आहे, फक्त समितीच्या जागी आरएडी धरा.

फेडरल कोर्ट भावाला खरा शरणार्थी ठरवत नाही. अपीलाचा निर्णय "रीझनेबल" आहे का एवढंच पाहते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाचा वाविलोव नावाचा निकाल आला, तेव्हापासून सगळे त्याच्यावरच चालतात. कारणं वाचून कळली पाहिजेत, एकातून दुसरं निघालं पाहिजे, समोरच्या पुराव्याशी जुळलं पाहिजे, अन् ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला तेवढंच वजनदार उत्तर दिलं पाहिजे. मी असतो तर वेगळा निर्णय दिला असता, असं जजला वाटलं तरी तेवढ्यावरून तो निर्णय उडवत नाही. गफलत दिसली तर रद्द करून आरएडीतल्या दुसऱ्या मेंबरकडे, म्हणजे निकाल देणाऱ्याकडे, पाठवते, बस.

म्हणून नवीन पुरावा तिथं चालत नाही. जे आरएडीसमोर होतं तेवढ्याच कागदांवर जज पाहते, सुनावणीच नीट झाली नाही वगैरे तक्रार असेल तर तेवढ्यापुरती सूट. म्हणजे तो तलवारीचा कागद खोटा तर आहेच, वरून निरुपयोगी आहे! ज्याला हे माहीत नाही त्याला ५५०० डॉलर देऊन राहिले तुम्ही. अन् पुढं कुठं तो कागद वापरला अन् पकडला गेला तर खरी एनसी, खरी पोच, सगळ्यावर पाणी. इथले अधिकारी गावात फोन लावत नाहीत असं समजू नका, अन् फोन लावायचीही गरज नसते, जुन्या स्टेटमेंटशी तारखा जुळत नाहीत तिथंच माणूस पडते.

आता मुंबई-कोलकात्याचं. त्याला इथं इंटर्नल फ्लाइट अल्टरनेटिव्ह म्हणतात, आयएफए. आपल्या देशातल्या लोकांच्या किती केसेस मी याच्यावर पडताना पाहिल्या, पंजाबच्या पोरांच्या तर गठ्ठ्यानं. दोन गोष्टी पाहतात, दुसऱ्या शहरात तुला धोका आहे का, अन् तिथं जाऊन राहणं तुझ्या परिस्थितीत झेपण्यासारखं आहे का. पहिलीत प्रश्न असा येते की त्या लोकांजवळ तुला शोधायची ताकद आहे का अन् शोधायची इच्छा अजून आहे का. साधारण मेंबर लिहितात की गावातले शेतकरी लोक, मुंबईसारख्या शहरात कसे शोधतील. पण तुमच्या भावाला त्यांनी पुण्यात शोधलं होतं ना? दीड महिन्यात? मग त्याचं उत्तर निकालात पाहिजे. नसेल तर हीच केस आहे, दुसरी कोणती शोधू नका.

१९९८ चा इथला एक निकाल आहे, सेपेडा-गुतिएरेस, आमच्या ऑफिसात अर्ध्या फायलींत असते. त्याचा अर्थ असा की प्रत्येक कागदाचं नाव घेतलंच पाहिजे असं नाही, पण जो पुरावा निर्णयाच्या अगदी उलट बोलते त्याच्याबद्दल मेंबर गप्प राहिला तर कोर्ट समजू शकते की त्यानं तो पाहिलाच नाही. जितका महत्त्वाचा कागद तितकं ते गप्प राहणं महागात पडते.

गंमत पाहा, इथं या लोकांना तोंडी सुनावणी मिळते तीच मुळी आपल्याकडच्या लोकांमुळे. १९८५ चा सिंग निकाल. सात जण होते, त्यात सहा भारतातून आलेले शीख. तोवर नुसत्या कागदावर नाकारत होते. सुप्रीम कोर्टानं सांगितलं की इथल्या मूलभूत हक्कांच्या चार्टरमध्ये "प्रत्येकाला" लिहिलं आहे म्हणजे इथं पाय ठेवलेल्या प्रत्येकाला, फक्त नागरिकाला नाही. ४ एप्रिलला इथं अजून तो दिवस पाळतात.

पराटीवाला (दिग्रसकडचा)

भावाले रात्री उठवलं, तिथं दिवस होता. निकाल धाडला त्यानं, २३ पानं, इंग्रजी. माह्या पुतणीनं वाचून दाखवला, ती बारावीले हाय, जिथं अडली तिथं मोबाईलवर शब्द पाहे. तीन घंटे लागले. बाबा मधातच म्हणे चहा मांडा.

परिच्छेद ३१ मध्ये लिवलं हाय का विरोधी पार्टी कास्तकार लोक हाय, तालुक्याच्या भायेर त्यायचा संपर्क असल्याचं दिसत नाई. पुणे हा शब्द २३ पानात एकदाच हाय, तोबी पह्यल्या पानावर, का हे लोक जायच्या आधी पुण्यात राहत होते. पोचेचं नाव नाई. पण ती पोच देल्ती, इंग्रजी तर्जुमा करून, अपीलाच्या यादीत १४ नंबरवर हाय, ती यादीबी धाडली त्यानं.

तं हे पान ६२ म्हणाव का?

बेंच_वारी (आर्वी)

म्हणाव. पुतणीला लॉ करायला लावा.

टोरांटोचा_अकोटकर

चांगलं सापडलं. यादीचा तो कागद वकिलाच्या हातात सगळ्यात आधी द्यायला सांगा, निकालाच्याही आधी.

पण उड्या मारू नका. लीव्हचा निर्णय जज नुसते कागद पाहून देते, सुनावणी नाही, नाही म्हटलं तर कारण सांगत नाही आणि त्याच्यावर अपीलही नाही. बऱ्याच केसेस तिथंच संपतात. लीव्ह मिळाली तर ३० ते ९० दिवसांच्या आतली तारीख लागते, सुनावणी साधारण दीड तासाची, साक्षीदार वगैरे काही नाही, दोन वकील बोलतात. भाऊ मागं बसून ऐकेल एवढंच. हरलो तर सरकारच्या वकिलाचा खर्च आपल्यावर सहसा पडत नाही, ती भीती ठेवू नका.

मोर्शीची_ताई

हे सगळं वाचून हात थरथरले. ज्यांच्याकडे आरएडीचा निकाल नाही, पीआरआरएचा (पाठवण्याआधी धोका तपासतात तो) आहे, त्यांनी माझं वाचा, कारण वर ते आपोआप स्टेचं लिहिलं आहे ते पीआरआरएला नसते.

माझा भाऊ एजंटच्या नादी लागून आधी अमेरिकेत गेला होता, तिथं त्यानं असायलमचा कागद भरला, मग तिथून कॅनडात. कॅनडात २०१९ मध्ये नियम आला की आधी अमेरिकेसारख्या ठरावीक देशात दावा केला असेल तर इथं शरणार्थ्यांचे दावे ऐकणाऱ्या बोर्डापुढे दावा चालणार नाही, फक्त पीआरआरए, म्हणजे पाठवण्याआधी एक अधिकारी धोका आहे का ते पाहते. त्या अधिकाऱ्यानं त्याची मुलाखत घेतली आणि नाकारलं. फेडरल कोर्टात अर्ज टाकला, पण तो टाकल्यानं विमान थांबत नाही. त्यासाठी वेगळा स्टेचा अर्ज. त्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, मला त्या पाठ झाल्या होत्या तेव्हा, केसमध्ये खरंच मुद्दा आहे का, आत्ता पाठवलं तर भरून न येणारं नुकसान होईल का, आणि थांबवलं तर कोणाचं जास्त अडते, त्याचं की सरकारचं. तिन्ही पाहिजेत, दोन असून चालत नाही.

सुनावणी झूमवर झाली. तिथं दुपारचे १ वाजले होते, आमच्याकडे रात्रीचे साडेदहा. त्यानं फोनवरून थोडं ऐकवलं, मग वकिलानं बंद करायला सांगितलं. आई देवघरासमोर बसून, हातात वाती, वळून राहिली आणि वळून राहिली, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर डबा भरून वाती झाल्या होत्या, पुढे वर्षभर पुरल्या. रात्री अडीचला निरोप आला, नाकारला. त्याच्या दुसऱ्या दिवशी विमान.

आणि मग जे कळलं ते आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. माणूस देशाबाहेर गेला की त्या पीआरआरएच्या रिव्ह्यूला अर्थ उरत नाही असा तिथल्या अपील कोर्टाचा २००९ चा निकाल आहे. पाठवण्याआधीचा धोका तपासायचा, आणि पाठवून तर झालं. म्हणजे कोर्टात अर्ज जिवंत होता, भाऊ दिल्लीला उतरला आणि अर्ज मेला. आमचे पैसे गेले त्याचं नाही, पण वकिलानं चार दिवस आधी स्टे टाकला असता तर बोलायला वेळ तरी मिळाला असता असं अजून वाटते. बरं, शेवटच्या दिवसापर्यंत थांबला तोही आपलाच भाऊ, तिकिटाचं पत्र खिशात घेऊन फिरत होता, घाबरून कोणाला दाखवलंच नाही.

आता तो इथंच आहे, संत्र्याचा बगीचा पाहते. त्यानं जे सांगितलं होतं तसं काही झालं नाही, हे मी खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षं तो मोर्शीच्या बाजारात गेला नाही, सामान मीच आणून देत होते.

रोखठोक

पराटीवाला, बाबाच्या खांद्याचं माहीत नव्हतं. चुकलं. तरी एक विचारतो, खरंच माहीत नाही म्हणून, आपल्या देशात परदेशी माणूस असा अडकला तर त्याला असलं काही मिळते का? का हे सगळं गोऱ्यायच्या देशातच?

गोठणगावचा (अर्जुनी मोरगाव)

रोखठोक, याचं उत्तर आमच्या गावाजवळ आहे. गोठणगावले तिबेटी लोकायची वसाहत हाय, आम्ही लहानपणापासून कॅम्पच म्हणतो. थंडीत ते स्वेटर विकाले भायेर जाते, उन्हाळ्यात गावात असते, त्यायचे पोट्टे आमच्यापेक्षा चांगली झाडीबोली बोलते. पण कागदावर ते परदेशी, त्यायचं नोंदणी सर्टिफिकेट असते ते नवं करत राहा लागते.

भारतात शरणार्थ्यांसाठी वेगळा कायदाच नाही, १९५१ च्या त्या आंतरराष्ट्रीय करारावरही भारताची सही नाही. १९४६ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट होता, त्याच्या जागी २०२५ मध्ये नवीन इमिग्रेशनचा कायदा आला. म्हणजे दावा, अपील, असं काही कायद्यात ठरवून दिलेलं नाही, राहते ते बेंच_वारी भाऊचं रिटच. १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा लोकांसाठी मानवी हक्क आयोग सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा कोर्टानं सांगितलं की कलम २१ जिवाचं रक्षण प्रत्येक माणसाचं करते, नागरिक असो का नसो. १९९८ मध्ये गुजरात हायकोर्टानं दोन इराकी पोरांच्या केसमध्ये तेच धरलं. पण २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या वेळी सुप्रीम कोर्ट म्हणालं की कलम १४ (समानतेचं) अन् २१ सगळ्यांना हाय पण इथं राहायचा हक्क नागरिकालेच, रीतसर प्रोसिजरनं पाठवाले मनाई नाई. तं मिळते, पण ठरलेली वाट नाई, जज अन् वकील कसा भेटते त्याच्यावर.

शिकलो नाई मी कायदा, पंचायतीत ऑपरेटर हाय, कॅम्पातल्या एका मित्रासंग हे कागद पाहून पाहून समजलं.

पराटीवाला (दिग्रसकडचा)

उशीर झाला सांगाले, गणपती शिरवण्याच्या गडबडीत होतो, मंडळाचा ट्रॅक्टर आपलाच.

भाऊ वकिलाकडं गेला, बाई हाय वकील, मूळ श्रीलंकेकडची. तिनं पुण्याचा १४ नंबरचा कागद पाहून म्हटलं का ५५०० लागत नाई, आधी अर्ज टाकून देऊ, १३ व्या दिवशी टाकला. लीगल एडचाबी फॉर्म भरला, त्याचं उत्तर यायचं हाय. कन्सल्टंटले फोन केला तं म्हणे मी तुमच्यासाठी किती केलं, अन् फाईलचे कागद द्याले ३०० डॉलर मांगतले. वकीलबाईनं एक पत्र लिवलं तं फुकट देल्ले. तलवारीचा कागद मी डिलीट केला, मंग वाटलं डिलीट नोको कराले होता, पुराव्याले राह्यला असता, पुतणी म्हणे तिच्यापाशी स्क्रीनशॉट हाय.

अकोटकर भाऊ, एक इचाराचं हाय. समजा लीव्ह नाई मिळाली. मंग? त्यायनं लपून राहावं म्हणते कोनी कोनी तिथले पोट्टे.

टोरांटोचा_अकोटकर

लपून अजिबात नाही, त्याला सांगा मी सांगितलं म्हणून.

दावा केला तेव्हाच त्याच्या नावावर एक अटीचा डिपार्चर ऑर्डर निघालेला असते, आता अर्जामुळे तो थांबलेला आहे. लीव्ह नाकारली की स्टे संपते आणि तो ऑर्डर चालू होते. त्यानंतर ३० दिवसांत स्वतःहून निघायचं, आणि निघताना विमानतळावर बॉर्डर सर्व्हिसच्या खिडकीवर जाऊन डिपार्चरचं सर्टिफिकेट घ्यायचं. ते घेतलं की पुढं कधी व्हिसा मागायला दार उघडं राहते. लोक काय करतात, गुपचूप निघून येतात अन् सर्टिफिकेट घेत नाहीत, किंवा ३० दिवस उलटू देतात. मग तोच ऑर्डर डिपोर्टेशनचा होते अन् आयुष्यभर परत जायला खास परवानगी लागते. एका शिक्क्याचा फरक.

पीआरआरए मागायचं म्हणाल तर कोर्टानं नाकारल्यापासून १२ महिने ते बंद असते, आणि तेव्हाही आधीच्या निकालानंतरचाच नवा पुरावा पाहतात. म्हणून गावात खरंच काही घडलं, देव न करो, तर त्याच दिवशी ठाण्यात जा, एनसी का होईना, पोच घ्या. खरी तारीख, खरा शिक्का.

पण हे सगळं नाही म्हटलं तर. आत्ता त्याला वर्क परमिट चालू आहे का ते पाहायला लावा, ते संपू देऊ नका, वकिलाला पैसा त्यातूनच जाणार आहे. त्याला केस नंबर मिळाला का? आयएमएमनं सुरू होते. कोर्टाच्या साईटवर तो नंबर टाकला की काय झालं ते तारखेसकट दिसते, इकडून भावाला रोज फोन करून रडवायची गरज नाही.

पराटीवाला (दिग्रसकडचा)

मिळाला नंबर. पुतणीनं साईटवर टाकून दाखवला, तीन ओळी हाय सध्या. बाबानं तो नंबर भितीवरच्या कालनिर्णयवर पेनानं लिहून ठेवला, सिलिंडर कधी लावलं ते लिवतो ना आपन, त्याच्या खाली. सकाळी डेअरीवर दूध घालून आले का म्हणते पाह्य बरं चौथी ओळ आली का.

सोयाबीन सोंगाले मजूर भेटून नाई राह्यले, दिग्रस, पुसद साईडचं कोनी हार्वेस्टरवालं असन तं नंबर मेसेज करा.